चौथ्या दिवसाचा कायदा

माझे मामा मुंबई महापालिकेत इंजिनिअर होते. नोकरीचा बराच काळ पूर्व उपनगरांत गेला, आता मुलुंडला राहतात. मी वकील. अंधेरीत ऑफिस आहे आणि निम्मी कामं सोसायट्यांची नाहीतर भाडेकरूंची असतात. दुर्घटनेनंतर राडारोडा कोणी, कसा उचलायचा आणि त्या जागेवरच्या माणसांना पुन्हा उभं कसं करायचं, यासाठी महाराष्ट्राने स्वतःचा कायदा करावा असं मला ठामपणे वाटतं. करू नये, असं मामांना तितक्याच ठामपणे वाटतं. हा वाद आमच्याकडे जुना आहे. तो लिहून काढते आहे, कारण मामांशी भांडताना माझ्याच मताला बरेच पैलू पडले.

मामांची गाडी नेहमी घाटकोपरपासून सुटते. २५ जुलै २०१७. घाटकोपर पश्चिमेला दामोदर पार्कमधली ‘सिद्धी साई’ ही चार मजली इमारत सकाळच्या वेळी बसली. तळमजल्यावर नर्सिंग होमच्या जागेत नूतनीकरण चाललं होतं, आणि त्यात इमारतीच्या खांबांना हात लावल्याचा आरोप पुढे झाला. सतरा माणसं गेली.

“अशा ठिकाणी कोणाला कलम आठवतं, सांग,” मामा म्हणतात. “अग्निशमन दल येतं, एनडीआरएफ येतं, वॉर्डाचे कामगार येतात. स्लॅबवर स्लॅब बसलेला असतो. वरून तोडत जायचं की बाजूने भोक पाडून आत शिरायचं, हे ठरवायला समोरच्या माणसाला मिनिटं मिळतात. पोकलेन कुठे लावायचा आणि कुठे नुसती टिकाव-घमेली घेऊन हाताने उपसायचं, हे अनुभवाने कळतं. त्याच्या डोक्यावर आणखी एक कायदा ठेवलास तर तो आधी वर फोन करेल. तेवढ्यात खालचा माणूस जाईल.”

“मामा, त्याच्यासाठी कायदा आहेच. आणि तो तुमच्याच बाजूचा आहे.”

तो केंद्राचा, २००५ सालचा आपत्ती व्यवस्थापन कायदा. त्याच्या कलम ३४ मध्ये जिल्हा प्राधिकरणाचे अधिकार दिलेत: वाहतूक रोखणं, प्रवेश बंद करणं, ढिगारा हटवणं, शोध घेणं, लोकांना वाचवणं. कलम ६५ खाली खासगी क्रेन, ट्रक, जागा ताब्यात घेता येते आणि कलम ६६ खाली त्याचा मोबदला द्यावा लागतो. कलम ५० खाली निविदा न काढता तातडीची खरेदी करता येते. मामांना हे सगळं पाठ आहे, कारण त्यांनी ते वापरलंय.

“मग झालं तर. आणखी काय हवंय तुला?”

मला चौथा दिवस हवाय. ही सगळी कलमं बचाव आणि मदत यांच्याभोवती फिरतात. पन्नासावं कलमही निविदेतून सूट देतं ती बचाव आणि मदतीपुरतीच. शेवटचा मृतदेह निघतो, कुत्र्यांची पथकं परत जातात, वाहिन्यांच्या गाड्या हलतात. त्यानंतर तिथे उरलेल्या ढिगाऱ्याचं आणि त्या ढिगाऱ्यापाशी उभ्या असलेल्या माणसांचं काय करायचं, हे कोणत्याच कायद्यात एका जागी सलग लिहिलेलं नाही.

इथे मामा अंधेरीचा पूल काढतात. ३ जुलै २०१८ रोजी सकाळी गोखले पुलाच्या पादपथाचा भाग अंधेरी स्थानकाजवळ रुळांवर पडला. पश्चिम रेल्वे ठप्प झाली. “काँक्रीट रेल्वेचं की पालिकेचं, हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही. रूळ मोकळे करायचे होते, ते त्याच दिवशी केले. हाताशी माणसं आणि यंत्रं असली की काम होतं.”

पण हीच गोष्ट मला उलट बाजूने दिसते. रूळ एका दिवसात मोकळे झाले आणि पूल कोणाचा, देखभाल कोणाची, खर्च कोणाचा हा घोळ पुढे वर्षानुवर्षं चालला. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी तोच पूल धोकादायक म्हणून पूर्ण बंद झाला, आणि नव्या पुलाची पहिली बाजू सुरू व्हायला २६ फेब्रुवारी २०२४ उजाडला. अंधेरी पूर्वेहून पश्चिमेला रोज जाणाऱ्याला त्या काळातले वळसे चांगलेच आठवत असतील. पहिल्या दिवशी न विचारलेला प्रश्न कोणीतरी आधीच सोडवून ठेवायला हवा होता. कायदा असतो तो यासाठी.

राडारोड्याची कायद्यातली अवस्था बघा. २०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचरा नियमांनी त्याची व्याख्या केली: बांधकाम, फेरबदल, दुरुस्ती आणि पाडकाम यांतून निघणारं साहित्य. आपोआप कोसळलेल्या इमारतीचं नाव त्यात नव्हतं. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त राडारोडा काढणाऱ्याने काँक्रीट, माती, लोखंड, लाकूड-प्लास्टिक, विटा वेगळ्या कराव्यात आणि आधी आराखडा द्यावा असं ते नियम सांगत. पण रात्रीत कोसळलेल्या इमारतीत ‘काढणारा’ कोण? मालक फरार असतो, सोसायटी इस्पितळात असते, आणि पालिका म्हणते आम्ही फक्त उचलतोय.

पैशाचंही तसंच. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून कशाकशावर खर्च करता येतो याच्या यादीत ढिगारा हटवणं स्पष्ट लिहिलंय. मात्र तो निधी ज्या आपत्त्यांसाठी आहे त्या केंद्राने ठरवलेल्या: चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड, हिमस्खलन, ढगफुटी, कीड, थंडीची लाट. मुंबईच्या उपनगरात ज्यात वारंवार माणसं मरतात, ते इमारत किंवा भिंत कोसळणं त्यात नाही.

“दहा टक्क्यांपर्यंत रक्कम राज्याला स्थानिक आपत्तींसाठी वापरता येते,” मामा लगेच दुरुस्त करतात. “त्यासाठी शासन निर्णय पुरतो. विधेयक कशाला?”

शासन निर्णयाबद्दल माझं मत कडू आहे, आणि ते मी लपवत नाही. शासन निर्णय दुर्घटनेनंतर निघतो आणि त्या दुर्घटनेपुरता निघतो. मदतीची रक्कम मुख्यमंत्री जाहीर करतात, ती किती हे त्या दिवशी ठरतं. ज्याचं घर गेलं त्याला ती कृपा म्हणून मिळते, हक्क म्हणून मागता येत नाही. याच महाराष्ट्राने धरणाखाली गेलेल्या गावांसाठी १९७६ मध्ये पुनर्वसनाचा कायदा केला, आणि आजचा प्रकल्पबाधितांचा कायदा १९९९ चा आहे. धरणाने उठवलेल्या माणसाला आपण कायदा दिला. दरडीने, भूकंपाने किंवा कोसळलेल्या स्लॅबने उठवलेल्या माणसाला दिला नाही.

मामा इथे थोडे नरमतात, कारण किल्लारीचं नाव निघतं. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप, सुमारे आठ हजार मृत्यू. जड दगडमातीच्या भिंतींची घरं होती, आणि त्याच भिंतींनी माणसं मारली. सर्वाधिक उद्ध्वस्त झालेली बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली, जागतिक बँकेचं कर्ज आलं, प्रचंड काम झालं. त्या कामाचा देशभर अभ्यास झाला. एवढ्या अनुभवातून राज्याचा कायदा मात्र निघाला नाही. भूजचा भूकंप २००१ चा, आणि गुजरातने २००३ मध्ये स्वतःचा आपत्ती व्यवस्थापन कायदा केला, केंद्राच्याही दोन वर्षं आधी. आपण त्यांच्यापेक्षा सात-आठ वर्षं आधी हे सगळं भोगलं होतं.

“गुजरातने कायदा केला म्हणून तिथे इमारती पडायच्या थांबल्या का?”

नाही थांबल्या, आणि तसा माझा दावाही नाही. इमारत पडू न देणं हे वेगळं काम आहे आणि त्यासाठी मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात कलम ३५४ आहे. मामांना या कलमाचा अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. १९ ऑगस्ट २०२२ रोजी बोरिवली पश्चिमेला साईबाबा नगरातली ‘गीतांजली’ ही चार मजली इमारत कोसळली आणि एकही माणूस गेला नाही, कारण ती धोकादायक ठरवून आधीच रिकामी केली होती. “ही बातमी एक दिवस चालली,” मामा म्हणतात, “आणि सतरा मेले ती वर्षभर. नोटीस देऊन घर रिकामं करायला लावणाऱ्या ज्युनियर इंजिनिअरला लोक शिव्या घालतात. बिल्डरने पैसे चारले म्हणतात. त्या पोराने किती जीव वाचवले हे कोणी मोजत नाही.”

हे खरं आहे. ते मी माझ्या भाडेकरू अशिलांनाही सांगते.

पण ३५४ ची नोटीस घेऊन जो घराबाहेर पडला त्याने जायचं कुठे? दक्षिण मुंबईतल्या उपकरप्राप्त इमारतीचा भाडेकरू निदान म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे जाऊन संक्रमण शिबिर मागू शकतो. त्या मंडळाची हद्द माहीम-शीवपाशी संपते. बोरिवली-मुलुंड १९५७ मध्ये मुंबईत आले, इथल्या पागडीच्या इमारतीही आता साठी-सत्तरीच्या आहेत, पण त्यांच्यासाठी असं मंडळ नाही. शहरातल्या रहिवाशांची संक्रमण शिबिरं मात्र गोरेगावला आहेत, मागाठाण्याला आहेत. उपनगराने जागा द्यायची, उपनगराच्या माणसाला तिथे दार नाही. हे लिहितानाही मला राग येतो.

एक कपाट मला विसरता येत नाही. माझ्याकडे आलेल्या एका बाईंची इमारत पडली, तेव्हा त्या कामावर होत्या. बचावकार्य संपलं, त्यानंतर प्लॉट दोन रात्रींत साफ झाला. डंपर भरून गेले. कुठे गेले ते त्यांना कोणी सांगितलं नाही. पुढे एका भंगारवाल्याकडे त्यांना स्वतःचं लोखंडी कपाट सापडलं. दोन स्लॅबच्या मध्ये सापडलेलं कपाट फुटत नाही, चेपतं. त्याचा पत्रा घडी पडल्यासारखा वाकतो आणि आतला लॉकर तसाच राहतो. यांच्या लॉकरचं दार पहारीने उचकटलेलं होतं. सोनं नव्हतंच फारसं. रेशनकार्ड, भाड्याच्या जुन्या पावत्या आणि नवऱ्याचा मृत्यूचा दाखला होता. तो गठ्ठा कोणीतरी फेकून दिला होता. त्या पावत्यांवर त्यांचा घराचा हक्क उभा होता.

“भाडेकरूचा हक्क इमारतीबरोबर संपत नाही,” मामा म्हणाले. “सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, तूच सांगितलं होतंस.”

आहे. शहा रतनसी खिमजी प्रकरण, २०१४. बांधकाम नष्ट झालं तरी भाडेपट्टा आपोआप संपत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. पण मी भाडेकरू होते हे आधी सिद्ध करावं लागतं. इमारत नोटीस देऊन पाडताना प्रत्येकाच्या खोलीचं मोजमाप नोंदवून ठेवतात. ती आपोआप पडली की ते मोजमाप कोणाकडेच नसतं, आणि कागद डंपरमध्ये गेलेला असतो. मी केलेल्या कायद्याच्या मसुद्यातलं पहिलं कलम याच कपाटासाठी आहे: बचाव संपल्यावर ढिगारा हलवण्याआधी कपाटं, पेट्या, तिजोऱ्या, देव, फोटो आणि कागद वेगळे काढायचे, मजल्याप्रमाणे खूण करून वॉर्डाने ठरवलेल्या जागी ठेवायचे, आणि रहिवाशांना ओळख पटवायला बोलवायचं. राडारोड्याचा प्रत्येक डंपर कुठून कुठे गेला याची नोंद ठेवायची. तीच नोंद पोलिसांनाही लागते, कारण खांब कोणी कापला याचा पुरावा त्याच काँक्रीटमध्ये आणि सळ्यांत असतो.

हे काही स्वप्न नाही. २०११ च्या त्सुनामीनंतर जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने ढिगाऱ्यातले अल्बम आणि पूर्वजांच्या नावाच्या पाट्या टाकून न देता मालकांना परत करण्याची संधी द्यावी, असं सांगितलं होतं. स्वयंसेवकांनी चिखलात भिजलेले फोटो एकेक करून धुतले. २०१५ मध्ये त्यांनी आपत्तीच्या कचऱ्यासाठी कायद्यातच बदल केले, आणि तो कचरा तात्पुरता ठेवायच्या जागा आधीच ठरवून ठेवण्यावर तिथे भर असतो.

“आता मुद्द्यावर आलीस,” मामा एकदम म्हणाले. “जागा! तुझं कपाट कुठे ठेवायचं, वर्गीकरण कुठे करायचं? दहिसरला एक प्रकल्प, शिळफाट्याला एक, दोन्ही रोज सहाशे टनांचे. ते रोजच्या बांधकामाच्या राडारोड्यासाठी आहेत. उद्या दहा इमारती एका रात्रीत गेल्या तर ढीग कुठे लावणार? मुलुंडचं डम्पिंग २०१८ मध्ये बंद केलं, तिथला जुना सत्तर लाख टन कचरा उपसणं किती वर्षं चाललंय बघ. जागा ठरलेली नसली की रात्री डंपर खाडीकडे वळतात आणि कांदळवनात रिकामे होतात. पुढच्या पावसाळ्यात तेच पाणी तुझ्या घरात. तू कागद वाचवायला कायदा करतेस, मी म्हणतो प्रत्येक वॉर्डात एक मैदान नावाने ठरवून ठेवा आणि तेवढंच एक कलम लिहा.”

मी ते कलम लिहून घेतलं. मामांच्या विरोधातून निघालेलं ते पहिलं कलम.

होर्डिंगवर मात्र आमचं एकमत होत नाही. १३ मे २०२४, घाटकोपरचं छेडा नगर. वादळी वाऱ्यात एकशेवीस फूट बाय एकशेवीस फुटांचं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं. पालिकेच्या नियमात चाळीस बाय चाळीसच्या पुढे परवानगी नव्हती. याही वेळी सतरा मृत्यू. खाली गाड्या, गाड्यांत माणसं, आणि त्याच्याही खाली इंधनाच्या टाक्या. गॅस कटरची एक ठिणगी पुरली असती. त्यामुळे लोखंड कापणं अतिशय जपून चाललं आणि काम दोन दिवसांहून जास्त लांबलं. मामा म्हणतात, इथे लोक, क्रेन आणि डोकं लागलं, कलम नाही.

मी म्हणते, जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली होती म्हणूनच ते होर्डिंग उभं राहिलं. परवानगी तुमची की आमची, या वादात ते वाढत गेलं. न्यायमूर्ती दिलीप भोसले यांची समिती नंतर नेमावी लागली. सरकारी जमिनीवर जे पडतं ते उचलण्याचा आणि बाधितांना भरपाई देण्याचा भार त्या जमिनीच्या खात्यावर पहिल्या दिवसापासून असेल, असं राज्याने लिहून ठेवलं तर ते खातं परवानगी देताना दोनदा विचार करेल. मामांना हे पटत नाही. “प्रत्येक खातं आधी वकील पाठवेल, मग क्रेन,” असं ते म्हणतात. यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. खर्च आधी पालिकेने करायचा आणि नंतर त्या खात्याकडून वसूल करायचा, एवढं मी सुचवलं. तेव्हा मामांनी विचारलं, “सरकारी खात्याकडून वसुली झालेली तू कधी पाहिलीस?”

त्यांची खरी भीती वेगळी आहे, आणि ती त्यांनी उशिरा सांगितली. त्यांना काळजी आहे ती जागेवर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याची. माझा कायदा झाला तर कपाट हरवलं म्हणून त्याच्यावर गुन्हा दाखल होईल. २००५ च्या कायद्यात सद्भावनेने केलेल्या कामाला संरक्षण आहे, कलम ७३. “पण ते संरक्षण निलंबनानंतर मिळतं,” ते म्हणाले. “दोन वर्षं घरी बसल्यावर.” त्यांचं ऐकून मी माझ्या मसुद्यातली परवानगीची अट काढली. ढिगारा हलवण्याआधी कोणाची मंजुरी घ्यायची नाही. फक्त रहिवाशांच्या दोन प्रतिनिधींना कळवायचं आणि नोंद ठेवायची. नोंद ठेवली नाही तरच जबाबदारी, वस्तू सापडली नाही म्हणून नाही.

इर्शाळवाडीबद्दल आम्ही कमी बोलतो. १९ जुलै २०२३ ची रात्र, दरडीखाली गेलेली डोंगरावरची वस्ती, यंत्र चढवायला रस्ता नाही. चौथ्या दिवशी शोध थांबवला. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसं मातीखाली राहिली. हा निर्णय चूक होता असं मी म्हणणार नाही. पण बेपत्ता माणूस मृत मानायला पुराव्याच्या कायद्यात सात वर्षांची मुदत आहे, आणि ढिगारा न उपसण्याचा निर्णय सरकार घेतं तेव्हा त्या सात वर्षांचा भार नातेवाइकांवर पडू नये. इर्शाळवाडीसाठी वेगळा सरकारी निर्णय घ्यावा लागला. उपनगरातल्या टेकड्यांवर, घाटकोपर-विक्रोळीच्या उतारांवर, अशाच वस्त्या आहेत. पुढच्या वेळीही निर्णयाची वाट बघायची का? या कलमावर मामांनी काही खोडलं नाही.

शेवटचा वाद प्लॉटचा झाला. राडारोडा उचलला, कागद मिळाले, पुढे काय? मालक बांधत नाही, रहिवाशांना बांधू देत नाही, रिकाम्या प्लॉटभोवती पत्रे लागतात आणि माणसं विरार-बदलापूरला भाड्याने राहतात. म्हाडा कायद्यात उपकरप्राप्त इमारतींसाठी ७९-अ आहे. २०२० मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या या दुरुस्तीला २०२२ च्या अखेरीस राष्ट्रपतींची संमती मिळाली. धोकादायक इमारतीच्या मालकाने सहा महिन्यांत पुनर्विकासाचा प्रस्ताव द्यायचा. नाही दिला तर रहिवाशांच्या सोसायटीला सहा महिने, आणि त्यांनाही जमलं नाही तर म्हाडा जागा ताब्यात घेऊन बांधणार. माझी मागणी एवढीच होती की हीच तरतूद उपनगरातल्या कोसळलेल्या इमारतींना लावा, आणि पालिकेने राडारोडा पूर्ण उचलल्याचा दाखला दिला की त्या दिवसापासून मालकाचे सहा महिने मोजा.

मामांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

“इथे तू फसलीस,” ते म्हणाले. “राडारोडा उचलल्यापासून मुदत मोजलीस तर मालकाला तो उचलला जायलाच नको असेल. कोर्टात जाईल, पुरावा आहे म्हणेल, हात लावू नका म्हणेल. ढीग चार पावसाळे पडून राहील. मुदत इमारत पडली त्या दिवसापासून मोज.”

मी दाखल्याचं वाक्य काढलं आणि त्या जागी दुर्घटनेची तारीख घातली.